सबोहतची फळी

भांडण तंदूरपाशी चाललं होतं आणि इनोबतच्या हातात झाडू होता. लग्न होऊन तिला सोळा दिवस झाले होते. नव्या सुनेनं उजाडायच्या आत उठायचं, पाणी शिंपडून अंगण झाडायचं, मग फाटकाबाहेरची गल्ली झाडायची. कोकतेरक गावात सून कशी निघाली हे गल्लीवरून कळायचं, त्यामुळे इनोबत खाली मान घालून झाडत होती. कान काही खाली घालता येत नाहीत.

"पाण्याकाठचा तुकडा धाकट्याला?" हा आवाज मोठ्या जावेचा, सबोहतचा. "नऊ वर्षं मी तिथलं तण उपटलं, ओयी. कडाक्याच्या थंडीत पाट मी उपसला. आणि आता सोळा दिवसांची केलिन त्यावर बसणार? मला तो वरचा दगडगोट्यांचा उतार?"

"उतारावर जर्दाळूची झाडं आहेत," सासू म्हणाली. तिला सगळं घर ओयी म्हणायचं.

"झाडं आहेत, पाणी कुठंय? डोळ्यांतून घालू?"

"तुझ्या डोळ्यांतून कधी पाणी आलं असतं तर मी पाट तिकडं वळवला असता."

"आणि ती लावणार काय तिथं? लोकांच्या सुना माहेरून सात-सात रजया आणतात. हिनं पोतंभर कांदे आणलेत, तेही खायचे नाहीत, फुलांचे! बसा आता पाकळ्या चावत."

सासू काहीतरी पुटपुटली. तंदूरमधून गरम नान बाहेर निघाला. आणि मग सबोहत अगदी हळू आवाजात बोलली. ती हळू बोलली की समजावं, आता खरं बोलते आहे.

"ह्या नानवर हात ठेवून सांगते, ओयी. त्या तुकड्याच्या मातीत माझा पाय पडणार नाही. मरेपर्यंत नाही."

माणसं नवऱ्याला दिलेला शब्द मोडतात, सरकारी कागदावर सही करून तोही मोडतात. गरम नानवर हात ठेवून बोललेलं मात्र कोकतेरकमध्ये कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही. इनोबतचा झाडू थांबला. मग तिला भान आलं आणि ती पुन्हा झाडायला लागली, जरा जास्तच जोरात. धूळ उडाली, त्याबद्दल सासूची बोलणी खाल्ली ती वेगळी.

हे ऐकलेलं तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, एर्गशलाही नाही. सोळा दिवसांची सून सांगणार काय आणि कुणाला? पुढं सांगायची वेळ येत गेली, पण तोवर ती गोष्ट पोटात मुरून गेली होती.

सबोहतनं शब्द पाळला. पाण्याकाठचा तुकडा म्हणजे गल्ली आणि पाट यांच्या मधली चिंचोळी पट्टी, रुंदीला पाच पावलं, बस्स. ती ओलांडली की पाणी. पण सबोहत हातात दोन बादल्या घेऊन तुतीच्या झाडापर्यंत जायची, तिथल्या दगडी मोरीवरून पाट ओलांडायची आणि पलीकडून पाणी भरून तशीच परत यायची. उन्हाळ्यात, बर्फात, दोन्ही वेळा पोटुशी असतानासुद्धा. लोक विचारत, "एवढा वळसा कशाला गं?" तर म्हणायची, "तुतीची तब्येत विचारायला."

बाई उंच, काटकुळी. पुढचा एक दात सोन्याचा, आणि तो दिसावा म्हणून नव्हे, पण बोलताना ओठ जरा वर उचलायची सवय. जिभेला हाड नव्हतंच. धाकट्या जावेला पहिल्या दिवशी 'केलिन', नवी सून, म्हणाली ती म्हणालीच. इनोबतला स्वतःचा जावई आला, नातवंडं झाली, तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "ए केलिन!" आणि इनोबत गुडघ्यावर हात ठेवून उठायची, "आले, आपा."

सासू गेल्यावर घराची दोन घरं झाली, मधे मातीची भिंत आली. भिंतीत छातीएवढ्या उंचीवर एक चौकोनी खिडकी ठेवली होती. द्यायचं-घ्यायचं ते तिथूनच. वाडगा तिथून जायचा आणि रिकामा परत यायचा नाही. सूप गेलं तर मूठभर बेदाणे यायचे, वसंतात हिरव्या पाल्याचे समोसे गेले तर दह्याची कवडी यायची. टोमणेही तिथूनच.

"केलिन, मीठ संपलंय का घरातलं? देऊ थोडं?"

"आहे की आपा. तुम्ही खाताना बोलालच, म्हणून बेतानं घातलं."

यावर सबोहत हसायची नाही. पण वाडगा चाटूनपुसून यायचा.

आणि ते कांदे, पोत्यातले. इनोबतच्या आईनं दिलेले ट्युलिपचे कांदे, लाल आणि काठाला पिवळे. पहिल्या वर्षी दोन वाफे झाले, मग चार, मग अकरा. आठ मार्चला सगळ्या मुलखात बायांना फुलं द्यायची पद्धत. मास्तरणीला, नर्सला, सासूला, जिच्याशी वर्षभर अबोला आहे तिलासुद्धा. त्यामुळे ट्युलिप मार्चच्या पहिल्या आठवड्यात तयार पाहिजे. आधी झाला तर उपयोग नाही आणि नवव्या तारखेला झाला तर शेळीला घाला. फेब्रुवारीत वाफ्यांवर कमानी रोवून प्लास्टिक ताणायचं. सकाळी ऊन चढलं की कडा उचलायच्या, नाहीतर कळ्या आत उकडतात. दुपार कलली की पुन्हा दाबायच्या. दिवस उबदार निघाले तर फूल पळत सुटतं, त्याला सावली करून थोपवायचं. एर्गश म्हणायचा, "माझ्या आजारपणात एवढ्या वेळा पांघरूण सारखं केलं नव्हतंस."

कापायचं ते पहाटे. कळी मिटलेली, पण गालावर रंग आलेला. पुरती हिरवी कापली तर ती फुलदाणीत मुकीच राहते. उघडलेली कापली तर वाटेतच झडते. आणि खाली दोन पानं ठेवायचीच. त्या पानांवर मातीतला कांदा वर्षभर जगतो. पानं नेली तर फूल एकदाच मिळतं, कांदा उपाशी मरतो.

कापलेल्या बादल्या खिडकीतून सबोहतकडे जायच्या. हे कधी सुरू झालं ते दोघींनाही आठवत नव्हतं. शपथ मातीची होती, फुलांची नव्हती. आपल्या अंगणात बसून ती जुड्या बांधायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून केलेले रबर लावायची, वर्तमानपत्रात गच्च गुंडाळायची आणि प्रत्येक बादलीला नाव ठेवायची. "हा देठ बघ. कात्रीनं कापलास की चावलास?" तीस वर्षं नावं ठेवून ठेवून तिला ट्युलिप इनोबतइतकाच कळायला लागला होता.

सबोहतचा नवरा आधी गेला. ऐन जूनमध्ये, जर्दाळू पिवळे पडत असताना. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस फाटकाबाहेर पडायचं नाही. अंगण आहे, छप्पर आहे, त्यापुढं नाही. मुलगा दूर शहरात ट्रक चालवायचा. तो आला, रडला, गेला. उतारावर जर्दाळू पिकले, पडले, सडले. वारा तिकडून आला की अख्ख्या गल्लीत आंबट वास यायचा. इनोबतनं रोज खिडकीतून सूप दिलं. उतारावर मात्र ती गेली नाही. एर्गश म्हणाला, "अगं जा की, निदान वाळवणापुरते वेचून आण." ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं नाही." खरं कारण दुसरं होतं. जी माझ्या मातीत पाय ठेवत नाही तिच्या मातीत मी का ठेवू, एवढंच. तिला स्वतःलाही ते फारसं शोभणारं वाटलं नाही, म्हणून तिनं रोज सुपात मांस जास्त घातलं.

मग सहा वर्षांनी, फेब्रुवारीच्या बावीस तारखेला, एर्गश गेला. सकाळी प्लास्टिकच्या कडा उचलून आला, चहा मागितला, आणि चहा यायच्या आत गेला.

एकुलती मुलगी लांबून ख्वारज्मवरून आली, सातवा झाल्यावर लेकरांसाठी परत गेली. इनोबत फाटकाच्या आत, आणि अकरा वाफे फाटकाच्या बाहेर. गल्लीपलीकडं, तीस पावलांवर. मध्ये उंबरा. गोठ्याच्या शिडीवर चढलं की ते दिसायचे. त्या वर्षी नेमके दिवस उबदार निघाले. कडा उचलायला-दाबायला गल्लीतली पोरं यायची. ती शिडीवर उभी राहायची आणि प्लास्टिकखाली रंग चढताना बघायची. वर्षाचं पोट त्या वाफ्यांवर होतं, पण पोटाचं काय, कसंही भागतं. आईनं दिलेले कांदे होते ते. छत्तीस वर्षं जगवलेले.

गल्लीतल्या बायका वाईट नव्हत्या. कुणी न सांगता चौदाजणी एका सकाळी आल्या, आपापले चाकू घेऊन, आपापले नान घेऊन. "तू आत बस, इनोबत. तू जपमाळ ओढ. आम्ही आहोत ना." दुपारपर्यंत त्यांनी सगळं प्लास्टिक आणि कमानी काढल्या आणि तीन वाफे साफ केले. साफ म्हणजे साफच. मोठी, छान उघडलेली फुलं निवडून घेतली, कारण ती सुंदर दिसत होती. मिटलेल्या कळ्या 'बिचाऱ्या राहू देत' म्हणून ठेवल्या. पानं सगळी ओरबाडली, नीटनेटकं दिसावं म्हणून. आणि जुड्या बांधल्या आठ-आठच्या. आपल्याकडं जिवंत माणसाला फुलं विषम आकड्यात देतात, मयताला सम आकड्यात. ही मयताच्या घरची फुलं, मग सम आकडाच बरा, असा चौदाजणींनी मिळून विचार केला होता.

इनोबतनं फाटकातून त्या बादल्या पाहिल्या आणि छातीवर हात ठेवून सगळ्यांचे आभार मानले. चहा पाजला. मदतीला आलेल्या चौदा बायांना काय म्हणायचं माणसानं?

दुपारी फुलं न्यायला आलेला तोलिब ट्रकवाला तासाभरात वाटेतूनच वळून आला. अवघडून फाटकाशी उभा राहिला.

"मावशी, रागावू नका. वाटेत एक कागद सोडून बघितला. आठच्या जुड्या आहेत. आठ मार्चला मी ह्या कुणाला देऊ, कबरस्तानात नेऊन ठेवू? आणि फुलं तर आत्ताच जांभया द्यायला लागलीत. ताश्कंदला पोचतील तेव्हा देठ उरतील."

"ठेव बाबा इथं," इनोबत म्हणाली.

"बाकीची आहेत ना अजून? परवा, तेरवा येतो. सातच्या जुड्या करा, आणि मिटलेली द्या. दरवर्षी देता तशी."

दरवर्षी देते तशी. आठ वाफे उरले होते, तीन सकाळीच संपले होते. त्याच बायकांना पुन्हा बोलवावं तर चुकलं कुठं ते सांगावं लागलं असतं. आणि भिंतीआडून कळीच्या गालावरचा रंग कुणाला दाखवता येतो? ते ओळखणारी एकच बाई होती आणि तिचा हात छत्तीस वर्षांपूर्वी नानवर पडला होता. शिवाय जर्दाळू. ते सडलेले जर्दाळू नसते तर कदाचित इनोबतनं तोंड उघडलं असतं.

संध्याकाळच्या आधी खिडकीत वाडगा आला.

"केलिन, तोलिब परत का आला होता?"

"काही नाही, आपा."

"काही नाही सांगायला ट्रक वळवला होय त्यानं? डिझेल फुकट मिळतं वाटतं." मग खिडकीतून लांब हात आत आला आणि जवळची एक जुडी उचलून घेऊन गेला. पलीकडं कागद उलगडल्याचा आवाज. "आठ? आठच्या बांधल्या? एक एर्गश गेला तर सगळ्या उझबेकिस्तानच्या बायांना पुरायला निघाल्या का ह्या! आणि पानं कुठंयत? केलिन, पानं ठेवलीत का खाली?"

"नाही ठेवली."

"किती वाफे?"

"तीन."

पलीकडं सोन्याच्या दातामागून शिवीसारखं काहीतरी निघालं आणि खिडकीची झडप मिटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना इनोबत शिडीवर चढली. का चढली तिलाही कळलं नसतं; मोडणारी गोष्ट माणूस बघायला जातो तशी. तर शेजारच्या फाटकातून एक फळी बाहेर पडताना दिसली. चांगली लांब, पॉप्लरची, जर्दाळू वाळत घालायच्या माचाची. फाटकाच्या भिंतीवरून तेवढी फळीच दिसत होती, खाली कोण आहे ते दिसत नव्हतं. फळी गल्ली ओलांडून गेली, चौथ्या वाफ्याशी थांबली आणि खाली झुकली. तेव्हा पाठीमागं सबोहतचा पांढरा रुमाल दिसला.

तिनं फळीचं एक टोक गल्लीच्या कडेवर ठेवलं. दुसरं टोक ढकलत ढकलत वाफ्याच्या कडेनं पलीकडं, पाटाच्या दगडावर नेऊन टेकवलं. हातानं दाबून बघितलं. मग पासष्ट वर्षांची ती बाई पायांतले रबरी गलोश नीट करून फळीवर चढली, गुडघ्यांवर बसली आणि रांगत रांगत कापायला लागली. एक कळी, दोन पानं मागं. एक कळी, दोन पानं मागं. हिरवी असेल तिला नुसतं बोटानं टपली मारून सोडून द्यायची. वाफा संपला की मागं रांगत गल्लीत उतरायची, फळीचं हे टोक पाचव्या वाफ्यापाशी सरकवायची, मग तुतीपर्यंत चालत जाऊन, मोरीवरून पाट ओलांडून, पलीकडचं टोक सरकवायची आणि त्याच वाटेनं परत. एका वाफ्याला एक वळसा. मातीत पाय नाही तो नाहीच.

इनोबत शिडीवर उभी राहून हसायला लागली. नवरा जाऊन अकरा दिवस झालेले, बाई शिडीवर, आणि हसते आहे. तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मग ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं याचा काही हिशेब राहिला नाही.

उन्हं वर आली तशी खिडकीत पहिली बादली आली.

"हे घे. तू बांध. आज मला वेळ नाही नावं ठेवायला. तीन वाफे झाले, तीन उद्या, दोन परवा."

"आपा," इनोबत म्हणाली. बादली तिनं खाली ठेवली. "आपा, तुमची शपथ…"

"माझा पाय फळीवर होता. फळी माझी. विचार कुणालाही."

"तुम्हाला कसं कळलं की मला शपथेचं ठाऊक आहे?"

सबोहतनं खिडकीत तोंड घातलं. पहाटेच्या गारव्यानं नाक लाल झालं होतं.

"झाडू थांबला होता गं. झाडूचा आवाज थांबला की माणूस ऐकतंय हे शेळीलाही कळतं. छत्तीस वर्षं मी वाट बघतेय, ही भांडायला कधी येते, कधी येते. तू मेली आलीच नाहीस. सूप पाठवत राहिलीस."

"त्या वर्षी मी जर्दाळू…"

"सडले ते सडले. खत झालं. पुढच्या साली झाडांना फांद्या पेलवेनात." तिनं दुसरी बादली ढकलली. "सातच्या बांध. आणि सुपात मांस एवढं घालत जाऊ नकोस, माझे दात राहिलेत किती."

आठही वाफे निघाले. तोलिब आला, एक कागद सोडून बघितला आणि बादल्या चढवल्या. पुढच्या वसंतात आठ वाफे नेहमीसारखे उगवून आले. पहिल्या तिनात मात्र इथं-तिथं चारदोन पाती उठली, त्यांनाही फूल नाही. त्या चौदाजणींना इनोबतनं यातलं कधी काही सांगितलं नाही.

चार महिने दहा दिवस सरले, इनोबत उंबऱ्याबाहेर आली. पण पुढच्या मार्चमध्ये पहाटे ती कात्री घेऊन निघाली तर फळी आधीच वाफ्यावर होती. तिच्यापुढच्या मार्चमध्येही. मग दोघी मिळून कापायला लागल्या, एक मातीत उभी, एक फळीवर रांगती. फळीचं पलीकडचं टोक आता इनोबत सरकवायची, त्यामुळे तुतीची तब्येत विचारायचं राहून गेलं. रिकाम्या तीन वाफ्यांत थोडे थोडे कांदे लावत गेल्या. गल्लीतली पोरं म्हणायची, दोन म्हाताऱ्या बाळबाळ खेळतात. एकदा फळी कलली आणि सबोहतचा एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. इनोबतची कात्री थांबली.

"बघतेस काय? तो गलोश आहे," सबोहत म्हणाली. "गलोशानं कुठं शपथ घेतली होती?"

असे नऊ वसंत गेले. नवव्यात ती बरीच वाकली होती, चार कळ्यांमागं थांबून धाप टाकायची. इनोबत म्हणायची, "आपा, फळीवर बसून नुसतं सांगा, मी कापते." उत्तर यायचं, "तू कापल्यावर मग नावं कुणाला ठेवू?" कापणी संपल्याच्या पुढच्या आठवड्यात ती झोपेत गेली. पण सात मार्चच्या त्या सकाळी तसं काहीच वाटलं नव्हतं. अकराव्या वाफ्याचं शेवटचं टोक होतं. तिनं कापलं, एक हिरवी कळी टपली मारून सोडली, मागं रांगत गल्लीत उतरली. बादली खिडकीतून दिली. आदल्या दिवशीच्या समोशांचा वाडगा परत केला, त्यात चार सुके जर्दाळू. मग ती पुन्हा बाहेर आली.

"राहू दे ना तिथं आज, आपा," इनोबत फाटकाशी येऊन म्हणाली. "मी आणते नंतर."

"दुसऱ्याच्या रानात आपली वस्तू टाकून जायची नसते, केलिन."

तिनं फळी ओढून घेतली, पाटापर्यंत नेली, तुतीकडून, वळसा घालून. पाण्यात धुतली, चिखलाची बाजू नखानं खरवडली. मग खांद्यावर घेतली आणि गल्ली ओलांडून घरी आली, आणि ओली बाजू उन्हाकडं करून ती भिंतीला टेकवून ठेवली.